अफू, वेदना आणि गोडी

दिवाळी जवळ आली म्हणजे आमच्याकडे घरोघरीं अनारशांचें पीठ भिजतें, आणि अनारसा थापावयाचा तो खसखशीवरच, असा गृहिणींचा जुना दंडक आहे. ही खसखस ज्या बोंडांत पिकते, त्याच बोंडाला तें हिरवें असतांना चिरा पाडल्या कीं जो चीक पाझरतो, त्याला आपण अफू म्हणतों. एकाच बोंडांतली एक वस्तु सणाच्या ताटांत येते आणि दुसरी सरकारी कुलुपाआड जाते. आपल्या भाषेनेंहि या दोघींची अशीच वांटणी करून ठेवली आहे. चार माणसें मोकळ्या मनानें हंसलीं म्हणजे आपण 'खसखस पिकली' असें म्हणतों. आणि कोणी लोकांस भूल घालून निपचित ठेवूं लागला म्हणजे 'त्यानें अफूची गोळी दिली' असें म्हणतों. पहिल्या शब्दप्रयोगाचें मूळ कदाचित् हंसण्याच्या आवाजांतहि असेल. परंतु एका झाडाच्या दोन नांवांभोंवतीं भाषेनें आनंद आणि बधिरता हीं दोन टोकें अशीं मांडून ठेवावीं, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

अफू वेदना हरण करते, ही गोष्ट निर्विवाद आहे. आम्ही आज ज्या प्रश्नाचा इतिहास वाचकांपुढें ठेवूं इच्छितों तो याच्या पुढचा आहे: वेदना नेतांना अफू आणखी काय घेऊन जाते? हा प्रश्न व्यापाऱ्यानें विचारला नाहीं, सरकारनेंहि विचारला नाहीं. शास्त्रज्ञांनीं तो नेमकेपणानें विचारण्यास गेल्या कांहीं दशकांत आरंभ केला आहे. परंतु घरांतल्या बायकांना त्याचें उत्तर फार पूर्वींपासून ठाऊक असावें, असें मानण्यास आमच्याजवळ घरचेंच कारण आहे.

आमच्या आजीचे थोरले दीर कल्याणास राहत असत. आम्हीं त्यांस पाहिलेलें नाहीं. आमच्या जन्मापूर्वीं बरींच वर्षें ते निवर्तले. तथापि आजीच्या बोलण्यांतून ते आमच्या घरांत वावरत असत. खाण्याचे मोठे शोकी. वालाच्या बिरड्यांत गूळ एक खडा जास्त पडला तरी ओळखीत. भजनांत टाळ धरीत, बुद्धिबळ मांडून दुपार घालवीत. १९३५ च्या आगेंमागें विहिरीच्या पायरीवरून घसरून त्यांची कंबर दुखावली, ती कायमचीच. त्या काळीं सरकारी परवान्याच्या दुकानांत अफू उघडपणें मिळे. कोणाच्या तरी सांगण्यावरून रात्रीं मसुराएवढी गोळी सुरू झाली, पुढें सकाळींहि सुरू झाली. कंबरेची कळ थांबली. या गृहस्थांनीं त्या गोळीपायीं कर्ज केलें नाहीं, कोणावर हात उगारला नाहीं, कीं कोणाचा पैसा बुडविला नाहीं. परंतु आजी सांगे, "गोळी सुरू झाली आणि मोठ्या भावजींनीं पानांत काय वाढलें आहे हें पाहणेंच सोडलें. बिरडें वाढा कीं नुसतें पिठलें वाढा, त्यांना तें सारखेंच." टाळ खुंटीला राहिले, बुद्धिबळाची पेटी मुलांच्या हातीं गेली. घरांत कोणी आजारी पडलें तरी आणि कोणाचें लग्न ठरलें तरी त्यांचा चेहरा एकच असे.

हें एका घराचें चित्र झालें. आतां त्यामागील मोठा इतिहास पाहूं.

चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत अफूचा उल्लेख नाहीं. मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेंत ती 'अहिफेन' या नांवानें येते, आणि तेथून पुढें अतिसार, निद्रानाश व शूळ यांवरच्या औषधांत तिनें कायमचें स्थान मिळविलें. पश्चिम किनाऱ्यावरील तिचा एक जुना लेखी पुरावा गोव्याचा आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत इतर औषधींप्रमाणें अफूसहि एक स्वतंत्र संवाद दिला आहे. जहांगीर बादशहानें तर आपल्या आत्मवृत्तांत स्वतःच्या मद्याचा व अफूचा हिशेब संकोच न बाळगतां नमूद केला आहे. म्हणजे औषध आणि व्यसन हीं दोन्ही रूपें आपल्या समाजास इंग्रजांच्या पूर्वींपासून परिचित होतीं. इंग्रजांनीं त्यांत तिसऱ्या रूपाची भर घातली. तें रूप महसुलाचें.

बंगाल-बिहारची अफू १७७३ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्याखालीं आली. माळव्यांतील अफू मात्र होळकर, शिंदे इत्यादि संस्थानांच्या मुलखांत पिके, आणि तेथें कंपनीचा मक्ता चालणें शक्य नव्हतें. हा माल कंपनीचा डोळा चुकवून पोर्तुगीजांच्या दमण बंदरांतून बाहेर जाऊं लागला, तेव्हां कंपनीनें निराळा मार्ग पत्करला. १८३१ च्या सुमारास तिनें दर पेटीमागें ठराविक रक्कम घेऊन माल मुंबई बंदरांतून जाऊं देण्याची पद्धत सुरू केली. १८४३ सालीं सिंध प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत गेला, कराचीची आडवाट बंद झाली, आणि मग हा दर चढतच गेला. १८३५ सालीं पेटीमागें १२५ रुपये असलेला कर १८६० नंतर सहाशें-सातशें रुपयांच्या घरांत पोंचला. पेटींत सुमारें १४० पौंड माल असे. शेतकरी माळव्याचा, खाणारा चीनचा, आणि मधल्या पेटीवर शिक्का मुंबईचा, असा हा त्रिकोण होता. त्यासाठीं १८३९ ते १८४२ आणि १८५६ ते १८६० अशीं दोन युद्धें चीनशीं झालीं, हें इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे.

ठाणें आणि कल्याण हीं गांवें या व्यापाराच्या उंबऱ्यावर होतीं. माळव्याचा कांहीं माल गुजराथच्या बाजूनें उतरे. आणि जो खानदेश-नाशिकवरून येई त्याला थळ घाट उतरल्यावर शहापूर, भिवंडी, ठाणें हाच आग्रा रस्त्याचा क्रम होता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, पुढच्याच सालीं ती कल्याणास पोंचली, १८६५ सालीं तिनें थळ घाट ओलांडला, आणि नंतरच्या दशकांत इंदूर आगगाडीनें जोडलें गेलें. तेव्हांपासून बैलांच्या पाठीवरचा तो माल रुळांवर आला. ज्या रुळांवरून आज डोंबिवलीचा कारकून सकाळीं दाराला लोंबकळत मुंबईस जातो, त्याच मार्गानें एके काळीं माळव्याच्या पेट्याहि मुंबईस जात असत.

या व्यापारांत ज्यांनीं संपत्ति मिळविली त्यांत सर जमशेटजी जीजीभाई यांचें नांव अग्रगण्य आहे. जार्डिन यांच्या पेढीशीं त्यांचा कापसाचा आणि अफूचा मोठा व्यवहार होता. त्यांच्या औदार्याबद्दल कोणासहि शंका नाहीं. १८४५ सालीं उघडलेलें मुंबईचें जे. जे. रुग्णालय हें त्या औदार्याचें सर्वांत मोठें स्मारक. दूरच्या समुद्रापलीकडे ज्या वस्तूनें घरें बसलीं, तिच्याच नफ्याचा कांहीं अंश इकडे वेदना शमविण्याच्या कामीं लागला. आम्ही हें उपरोधानें म्हणत नाहीं. अफूच्या इतिहासांत करुणा आणि व्यापार हीं दोन सूतें अशीं एकमेकांत पिळलेलीं आहेत कीं, एक ओढूं जातां दुसरें आपोआप ओढलें जातें, इतकेंच दाखवावयाचें आहे.

चीनमधील अनर्थाची वार्ता इंग्लंडांतील धर्मनिष्ठ मंडळींस स्वस्थ बसूं देईना. त्यांच्या चळवळीमुळें १८९३ सालीं लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखालीं अफूविषयींचा राजनियुक्त आयोग नेमला गेला. त्यांत दरभंग्याचे महाराज लक्ष्मीश्वर सिंह आणि जुनागडचे माजी दिवाण हरिदास विहारीदास हे दोन हिंदी सभासद होते, आणि सर विल्यम रॉबर्ट्स हे नामांकित डॉक्टरहि होते. सातशेंहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या झाल्या, मुंबईंतहि झाल्या. १८९५ सालच्या अहवालांत बहुमतानें असें ठरलें कीं, हिंदुस्थानांतील लोक अफू बहुधा बेतानें खातात, तिच्यानें शरीराचा किंवा नीतीचा म्हणण्यासारखा ऱ्हास होत नाहीं, आणि बंदी घालण्याचें कारण नाहीं. हेन्री विल्सन या एका सभासदानें मात्र आपलें विरुद्ध मत स्वतंत्रपणें नोंदविलें.

या अहवालास 'सरकारी तिजोरीचा वकील' म्हणून मोडीत काढणें सोपें आहे, आणि महसुलाचा मोह त्यांत नव्हता असें कोणीच म्हणणार नाहीं. परंतु त्या साक्षी सर्वस्वी खोट्या होत्या असेंहि नव्हे. तापाच्या मुलखांत अफू अंगांत थंडी शिरूं देत नाहीं अशी समजूत होती, आणि ठाणें जिल्हा तर तापासाठीं कुप्रसिद्धच होता. म्हातारपणीं सांधे धरले म्हणजे गोळी, आईला कामावर जावयाचें असलें म्हणजे तान्ह्या मुलाला बाळागोळी, असा रिवाज मुंबईच्या गिरणगांवांत पुढें कित्येक वर्षें चालू होता. खरी उणीव आम्हांस निराळ्या ठिकाणीं दिसते. आयोगाच्या प्रश्नांचा रोख असा असे: माणूस खंगतो काय? वेडा होतो काय? चोरी करतो काय? काम सोडतो काय? आमच्या आजीचे मोठे भावजी त्या वेळीं असते आणि आयोगापुढें उभे राहिले असते, तर बेतानें अफू खाणाऱ्या निरुपद्रवी गृहस्थाचा उत्तम नमुना म्हणून त्यांची नोंद झाली असती. आणि ती नोंद अक्षरशः खरी ठरली असती! पानांत काय वाढलें आहे हें ते पाहतात कीं नाहीं, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत आलें नसतें. आणि ज्या बाईला तें ठाऊक होतें तिची साक्ष कोणीं घेतली नसती. शरीर, नीति आणि महसूल यांस मोजमाप होतें. गोडीला मोजमाप नव्हतें.

डॉक्टरांपैकीं एकाला मात्र या प्रश्नाची चाहूल आयोगाच्याहि आधीं लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं जर्मनींत सेर्ट्युर्नर यानें अफूंतून मॉर्फिन वेगळें काढलें. ठाण्यास आगगाडी आली त्याच १८५३ सालीं एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनीं पोकळ सुईनें औषध कातडीखालीं घालण्याचा प्रयोग केला. मॉर्फिन आणि सुई यांचा संयोग झाल्यावर वैद्यकास जणूं अमृत सांपडलें असें वाटूं लागलें. परंतु तापमापकाची आंखूड नळी ज्यांनीं प्रचारांत आणली ते क्लिफर्ड ऑलबट यांनीं १८७० सालीं एक शंका जाहीरपणें मांडली. मज्जातंतूंच्या शूळासाठीं ज्यांना महिनोन्महिने मॉर्फिन टोंचलें जात होतें असे त्यांचे कित्येक रुग्ण बरे होण्याच्या जवळ आले नव्हते. उलट, जी वेदना हें औषध शमवितें म्हणतात तिलाच तें पोसत तर नसेल ना, असें त्यांस वाटूं लागलें. आज या गोष्टीस शास्त्रीय नांव आहे, आणि दीर्घकाळच्या अफूवर्गीय औषधांनीं कांहीं रुग्णांची वेदना उलट तीव्र होते हें मान्य झालें आहे. ऑलबट यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. रुग्णाचें बोलणें मन लावून ऐकण्याची संवय मात्र होती.

प्रयोगशाळेचा भाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आला. १९५४ सालीं कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठांत ओल्ड्स आणि मिल्नर यांनीं उंदराच्या मेंदूच्या ठराविक जागीं सूक्ष्म तार बसविली, आणि कळ दाबली कीं तेथें विजेचा हलकासा झटका बसेल अशी योजना केली. उंदीर ती कळ पुनः पुनः दाबीत राहिला. 'आणखी हवें' असें वाटावयास लावणारी यंत्रणा मेंदूंत आहे, हें प्रथमच इतक्या स्पष्टपणें दिसलें. १९७३ सालीं मेंदूंत अफूच्या रेणूंसाठीं जणूं कुलुपेंच बसविलेलीं आहेत असें आढळलें. आतां झाडाच्या चिकासाठीं निसर्ग माणसाच्या डोक्यांत कुलुपें कशाला बसवील? त्यांची खरी किल्ली शरीरांतच असली पाहिजे. १९७५ सालीं ऍबर्डीन येथें ह्यूज आणि कॉस्टरलित्स यांनीं ती शोधून काढली. आपला मेंदू स्वतःची अफू स्वतःच तयार करतो. जखमेची कळ सोसतांना ती पाझरते. तशीच ती रुचकर घास तोंडांत पडतांना, जिवाभावाचें माणूस भेटतांना आणि मनमुराद हंसतांनाहि पाझरते.

येथें आमच्या प्रश्नाची गांठ उकलूं लागते. वेदनेचें शमन आणि आयुष्याची गोडी हीं दोन निरनिराळीं खातीं नाहींत. निसर्गानें तीं एकाच पेढींत ठेवलीं आहेत. बाहेरून रोज भरपूर अफू येऊं लागली कीं तीं कुलुपें हळूहळू बोथट होतात. मग गोळीची मात्रा वाढवावी लागते, हें तर सर्वांसच दिसतें. न दिसणारी गोष्ट अशी कीं, घरच्या पाझराला, म्हणजे बिरड्याला, भजनाला, नातवाच्या बोबड्या बोलाला, तीं कुलुपें आतां पूर्वींसारखीं उघडत नाहींत. शास्त्रज्ञ 'हवेंसें वाटणें' आणि 'आवडणें' या दोन क्रिया मेंदूंत वेगळ्या मानतात. दीर्घ संवयीनें गोळी हवीशी वाटण्याचें वाढत जातें आणि आवडण्याचें आटत जातें. म्हणून असा माणूस गोळीच्या वेळेची वाट आतुरतेनें पाहतो, आणि गोळी घेतल्यावर प्रसन्न मात्र दिसत नाहीं.

परंतु घाईनें न्याय करूं नये. दीर्घकालीन वेदना स्वतःच माणसाची गोडी खाते. शिकागो येथें आपकारियन यांच्या मंडळीनें पाठदुखी नुकतीच सुरू झालेल्या रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवून २०१२ सालीं दाखविलें कीं, कोणाची पाठदुखी कायमची होईल याचा सुगावा, मेंदूच्या पुढच्या भागाचें गोडीच्या केंद्राशीं किती दाट दळणवळण आहे यावरून आधींच लागूं शकतो. म्हणजे जुनी वेदना आणि अफू या दोघी एकाच घरावर दोन बाजूंनीं घाला घालतात, आणि चोरी नेमकी कोणीं किती केली हें सांगणें अवघड होतें. तरीहि एरिक गार्लंड आणि त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत केलेले प्रयोग उद्बोधक आहेत. जुन्या वेदनेसाठीं अफूवर्गीय औषध घेणाऱ्यांना त्यांनीं कांहीं चित्रें गोळ्यांचीं दाखविलीं आणि कांहीं नेहमींच्या सुखाचीं दाखविलीं. त्या वेळीं त्यांच्या हृदयाचे ठोके आणि मेंदूंतील लहरी मोजल्या. जे रुग्ण गोळ्या ठरल्याहून अधिक, किंवा मनाचें दुःख बुजविण्यासाठीं घेत असत, त्यांचें शरीर गोळ्यांच्या चित्रांना अधिक साद देई आणि नेहमींच्या सुखांना कमी. गोडीला अखेर मोजमाप सांपडलें. आणि तें आजीच्या साक्षीशीं जुळलें.

हें ज्ञान दुर्लक्षिल्याची किंमत अमेरिकेनें मोजली आहे. १९९६ पासून तेथें जुन्या वेदनेसाठीं तीव्र अफूवर्गीय गोळ्या निर्धास्तपणें देण्याची लाट आली. १९९९ ते २०१९ या काळांत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेनें सुमारें पांच लाख माणसें तेथें दगावलीं. आणि लाभ काय झाला? २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत जुनी पाठदुखी किंवा सांधेदुखी असलेल्या २४० रुग्णांस वर्षभर दोन निरनिराळ्या प्रकारचीं औषधें देऊन पाहिलीं. अफूवर्गीय औषधांनीं रुग्ण अधिक हिंडूं-फिरूं लागले नाहींत; वेदना तर त्या गटांत किंचित् अधिकच राहिली.

आपल्याकडे चूक उलट्या दिशेनेंहि झाली. १९३० च्या कायद्यानें घातक द्रव्यांवर नियंत्रण आलें, आणि १९५९ पासून औषधाव्यतिरिक्त अफू खाण्यास देशभर मनाई झाली. १९८५ च्या कडक कायद्यानें मात्र डॉक्टर आणि औषधविक्रेते इतके धास्तावले कीं, अफू पिकविणाऱ्या या देशांत १९९७ सालीं औषधासाठीं वापरलें गेलेलें मॉर्फिन अवघें १८ किलोग्रॅमच्या आसपास होतें. कर्करोगानें तळमळणारीं हजारों माणसें कायद्याच्या शिस्तीपायीं तळमळत गेलीं. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन ही अडचण कांहीं अंशीं दूर झाली. ज्याचे दिवस मोजकेच उरले आहेत त्याची वेदना मॉर्फिननें शमविणें ही शुद्ध दया आहे. तेथें गोडीचा हिशेब मांडणें हेंच क्रौर्य होईल. वेदना हटली तर अशा माणसाला शेवटच्या दिवसांत नातवाशीं दोन शब्द बोलण्याची गोडी उलट परत मिळते. प्रश्न आहे तो ज्याला अजून वीस-पंचवीस वर्षें जगावयाचें आहे त्याचा. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें आपल्या देशांत सुमारें २ कोटि २६ लक्ष लोक कोणत्या ना कोणत्या अफूवर्गीय द्रव्याचें सेवन करीत होते, आणि त्यांत औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या गोळ्यांचा वांटा मोठा होता. ट्रॅमाडॉल हें त्यांतलें एक परिचित औषध. त्यास २०१८ सालीं अंमली द्रव्यांच्या कायद्याखालीं आणावें लागलें.

अशा एका माणसास आम्हीं जवळून पाहिलें आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच. आमचे डोंबिवलीचे शेजारी एका कचेरींतून निवृत्त झाले. पस्तीस वर्षें लोकलगाडींत उभ्यानें प्रवास केलेली त्यांची पाठ अखेर शस्त्रक्रियेपर्यंत गेली. नंतर ठराविक मुदतीसाठीं म्हणून मिळालेली गोळी मुदत संपल्यावरहि चालूच राहिली. नाट्यसंगीताचा हा वेडा माणूस. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर तरुणांच्या बरोबरीनें हजर असावयाचा. दोन वर्षांनीं तोच माणूस घरांत ध्वनिमुद्रिका लागली असतां वर्तमानपत्राचें पान उलटीत बसलेला आम्हीं पाहिला. आम्हीं विचारलें, "पाठ कशी आहे?" ते म्हणाले, "मास्तर, दुखत नाहीं हो. पण कांहीं होतहि नाहीं." त्या क्षणीं आम्हांस आजीचे मोठे भावजी आठवले. ऐंशीं वर्षांपूर्वींच्या कल्याणांतील तें पान आणि आजच्या डोंबिवलींतील ही ध्वनिमुद्रिका, दोहोंची कथा एकच होती.

यांत गोळी देणाऱ्याचा दुष्टावा नव्हता, घेणाऱ्याचा बेतालपणा नव्हता. 'दुखतें कीं नाहीं?' एवढाच प्रश्न सर्वांनीं विचारला. आयोगाप्रमाणेंच आम्हीं शेजाऱ्यांनींहि तोच विचारला होता. त्यांच्या पत्नीनें मात्र वर्षभर आधींच, "यांना आतां कशांतच राम वाटत नाहीं," असें दोन-तीनदां बोलून दाखविलें होतें. तें आम्हीं वयावर ढकललें, याची आज लाज वाटते.

पुढें नव्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं ती गोळी आठ-नऊ महिन्यांत अगदीं हळूहळू कमी केली. अशी गोळी आपल्या मनानें एकदम बंद करणें धोक्याचें असतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पाठीचे व्यायाम सुरू झाले. कळ थोडी परतली, ती अजून आहे. गार्लंड यांनीं २५० रुग्णांवर केलेल्या एका चाचणीचा वृत्तांत २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. तींत मन एकाग्र करणें आणि साध्या सुखाचा जाणूनबुजून आस्वाद घेणें यांचें शिक्षण दिलें होतें. नऊ महिन्यांनीं गोळ्यांचा गैरवापर थांबलेल्यांचें प्रमाण त्या गटांत शेंकडा ४५ होतें, तर केवळ धीर देणारें संभाषण लाभलेल्या गटांत शेंकडा २४. 'आस्वाद' हा शब्द आपल्या साहित्यशास्त्राचा जुना सोबती आहे. तो औषधाच्या यादींत येऊन बसेल असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. आमच्या शेजाऱ्यांस असें शिक्षण कोणीं दिलें नाहीं. परंतु आम्ही दर रविवारीं सकाळीं त्यांच्याकडे जाऊं लागलों, आणि एकच पद दोनदां-तीनदां ऐकण्याचा परिपाठ ठेवला. पहिले दोन महिने ते केवळ सौजन्यानें ऐकत असत.

गेल्या दिवाळींत ते सकाळीं आमच्याकडे फराळास आले. घरीं त्या वर्षीं अनारशांचें पीठ बिघडलें होतें. तुपांत टाकल्याबरोबर ते विरघळून पसरत होते. आम्हीं संकोचानेंच ताट पुढें केलें. त्यांनीं एक तुकडा उचलला, डोळ्यांपाशीं धरून न्याहाळला, तोंडांत टाकला, आणि गंभीर चेहऱ्यानें आमच्या सौभाग्यवतीस म्हणाले, "वहिनी, अनारसा हंसला कीं हो यंदा! गूळहि एक खडा जास्त झालाय." यजमानिणीला असें तोंडावर सांगणें शिष्टाचारास धरून नव्हतें. परंतु त्यांच्या पत्नीनें पदर डोळ्यांस लावला, आणि दुसऱ्याच क्षणीं आम्ही सारींच हंसूं लागलों. पाठ दुखत होती म्हणून त्यांनीं उशी मागून घेतली, आणि दुसरा अनारसा उचलला.